वर केलेला हात

तुम्ही पाण्यात उतरलाच नव्हतात, हे आधी कबूल करा. भाट्याच्या वाळूत निळा तंबू ठोकून, खुर्च्या मांडून, गळ्यात शिट्ट्या अडकवून तुम्ही बसला होतात. पुढ्यात शहाळी होती. आणि तिथून, एवढ्या लांबून, तुम्ही ठरवलंत की पाण्यातल्या मुलीनं मदत मागितली. चोर म्हणाला असतात तरी चाललं असतं. चोराला निदान स्वतःच्या हातानं काहीतरी करावं लागतं. पण तुम्ही म्हणालात, मदत मागितली. जी पोरगी वर्षभर काळोखात उठून एकटी पळाली, जिनं सायकलचं पंक्चरसुद्धा कुणाला काढू दिलं नाही, तिला तुम्ही मागणारी ठरवलंत. आणि वर मानभावीपणे म्हणालात, नियम आहे, आमचा नाइलाज आहे. कसला नाइलाज? नियम तुमचा, तंबू तुमचा, भोंगा तुमचा. नाइलाज तेवढा आमच्या नावावर टाका, म्हणजे झालं.

हे सगळं दर्शना बोलत होती, पण मनात. तोंडानं ती समोरच्या बाईला विचारत होती, "हे स्पष्ट, की हे?" सोमवारची दुपार होती. बसस्टँडजवळच्या चष्म्याच्या दुकानात, पालीहून आलेल्या त्या बाईच्या नाकावर तिनं तपासणीची जड चौकट बसवली होती आणि भिंगं काढून दुसरी घालत होती. बाई म्हणाली, "मला दोन्ही सारखीच वाटतात गो बाय. तुला कुठलं बरं वाटतं?" एरवी दर्शना हसली असती. आज तिला बाईचा राग आला. डोळे स्वतःचे आणि विचारते दुसऱ्याला. मग वाटलं, काल आपणही तेच केलं. पट्टी ओलांडली तेव्हा आपल्या पुढे एकही बाई नव्हती, हे आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं. पोहणं झालं, सायकल झाली, धावणं झालं, तिन्ही एका दमात, आणि शेवटच्या चढावर पाय लाकडाचे झालेले असतानाही मागे वळून बघितलं तर दुसऱ्या नंबरावरच्या हेतलची टोपी पार खाली वळणावर होती. तरी बक्षिसाच्या वेळी भोंग्यावर हेतलचं नाव आलं, तेव्हा आपण काय केलं? शेजारच्याला विचारलं, "मी कितवी आले?" आपण कितवे आलो हे दुसऱ्याला विचारणाऱ्या माणसाला जग लुबाडणारच.

सरांनी तिला तंबूमागे नेलं होतं. सर म्हणजे ही स्पर्धा भरवणारे. गावात त्यांना सगळे सरच म्हणतात, कशाचे सर ते कुणी विचारत नाही. ते गोड बोलले, तिथंच तिला पहिला संशय आला. "तू पाण्यात हात वर केलास. बचावपथकानं बघितलं. हात वर म्हणजे मला काढा. मदत मागितली की स्पर्धा तिथंच संपते. शनिवारच्या सभेत सांगितलं होतं की नाही?" सांगितलं होतं. "मी होडीला उत्तर दिलं, सर. होडीतून हाक आली." "कुणाच्या होडीतून?" तिनं आठवून बघितलं. पोहायच्या चष्म्यावर धुकं धरलं होतं, तोंडावर लाट होती, डाव्या बाजूला काहीतरी काळं हललं आणि हाक आली, "कोण?" तिचा हात आपोआप वर गेला. सर म्हणाले, "त्या होडीवाल्याला मंगळवारी संध्याकाळपर्यंत घेऊन ये. समितीसमोर सांगू दे. मग बघू." बघू हा शब्द दर्शनाला चांगला ओळखीचा होता.

तंबूतल्या लोकांना काय ठाऊक, त्या हाताचं. खाडीच्या तोंडाशी असलेल्या तिच्या वाडीत जन्मापासूनची रीत आहे: पाण्यात माणूस दिसला की जाणाऱ्या होडीनं हाक द्यायची आणि पाण्यातल्यानं हात वर करायचा. हात वर म्हणजे मी बरा आहे, तुम्ही जा. हात वर आला नाही तर होडी वळते. पोरं चालायला शिकायच्या आधी हे शिकतात. न्हाणीघरातल्या टपात बसलेल्या पोराला आई दारातून हाक मारते आणि ते फेसाचा हात वर करतं. हा हात दर्शनाच्या डोक्यातून जातच नाही, परस्पर खांद्यातूनच निघतो. आणि यांच्या कागदी समुद्रात तोच हात उलटा. यांच्यात हात वर करणारा बुडतो.

बाई चष्म्याची चौकट निवडून गेली. दर्शनानं भिंगं पुसून खणात ठेवली. पोटऱ्या अजून दगड झाल्या होत्या, बसताना टेबल धरावं लागत होतं आणि दुकानातली दुसरी मुलगी, वेदिका, ते बघून बघत नव्हती. सगळ्यांना कळलं असणार. रत्नागिरीत धावणाऱ्या मुलीचं काहीही लपत नाही. वर्षभर हेच तर चाललं होतं. वाडीत नळाला पाणी येतं पहाटे, त्यामुळे पाणी भरून झाल्याशिवाय बाहेर पडायची सोय नाही, आणि पाणी भरून झालं की आभाळ फटफटायला लागलेलं. तेवढ्या फटीत धावायचं. मांडवीच्या काळ्या वाळूवरून जायचं, किल्ल्याच्या चढाला लागायचं, वर दीपस्तंभाशी एक श्वास घ्यायचा आणि उतरायचं. घरी येऊन अंघोळ, आईला भाकरीला हात, आणि दुकान. रविवारी सायकल, हातखंब्याच्या चढानं पालीपर्यंत. वाटेत बागांतले नेपाळी राखणदार कुत्र्यांना आवरत उभे, मोहोरावरच्या फवारणीचा कडू वास घशात बसलेला. पहिल्या महिन्यात शेजारणी विचारायच्या, "कुणासाठी धावतेस गो?" दुसऱ्या महिन्यात विचारायचं थांबल्या, म्हणजे त्यांचं उत्तर ठरलं. पहाटे घराबाहेर पडणारी मुलगी कुणालातरी भेटायलाच जाते, नाहीतर एवढा घाम कशाला गाळेल? एकदा किल्ल्याच्या वळणावर एक दुचाकी बराच वेळ तिच्या मागे मंद चालली. तिनं वळून बघितलं तर वाडीतलाच एक चुलता. "काय नाय, सहज," म्हणाला. तेव्हापासून तिला मागे बघायची सवय लागली. धावताना पावलांच्या आवाजात दुसरी पावलं शोधायची. पोहताना दर काही हातांनी मान वर काढून खूण बघायची असते, तेव्हा ती खुणेआधी माणसं बघायची. कोण आहे, कुठे आहे, का आहे. तिला वाटायचं, दम वाढतोय तसा संशयही वाढतोय. दोन्ही एकाच फुप्फुसात राहतात.

तर आता संशय कुणाचा घ्यायचा? हेतलचा घेतला. हेतलच्या वडिलांचं मारुती आळीत कापडाचं दुकान, स्पर्धेचे सदरे त्यांनीच दिले होते, छातीवर दुकानाचं नाव. पण हेतल काल चषक हातात घेऊन अशी उभी होती की जणू कुणी तिला रस्त्यात दुसऱ्याचं मूल धरायला दिलंय. जाताना म्हणाली, "दर्शना, तू पुढे होतीस. मी तुझी पाठ बघत धावत होते." एवढं सरळ कुणी बोलतं का? सरळ बोलणाऱ्याच्या पोटात काय असतं? मग सरांचा घेतला. जिंकणाऱ्या मुलीला पुण्याला नेणार होते, वर्षभर तिथं राहून शिकायचं, सराव करायचा, राहायची सोय स्पर्धेच्या मंडळाची. खाडीवरची पोरगी नेण्यापेक्षा आळीतली नेलेली बरी, असं कुणाच्या डोक्यात आलं नसेल कशावरून? आणि मग संदेश. बचावपथकाच्या चिंचोळ्या नावेत वल्हं घेऊन बसलेला, शाळेतला तिचा सोबती संदेश. त्यानंच हात बघितला आणि बिनतारी यंत्रावर ओरडला, हे तिला कळलं होतं. त्याला तिनं दुकानात बोलावून घेतलं. तो आला, दारातच उभा राहिला, आत येईना.

"आत ये की. चावत नाही."

"तुझा नेम नाय. काल तंबूत चावलीस ना सगळ्यांना."

"तू काय सांगितलंस त्यांना?"

"जे बघितलं ते. हात वर होता, म्हटलं हात वर. मी जवळ आलो तेव्हा तू म्हणालीस काही नाही, आणि सुटलीस. ते पण सांगितलं. ते त्यांनी धरलं नाही."

"तू वाडीतला. तुला हाताचा अर्थ माहीत नाही?"

संदेशनं कान खाजवला. "अगो, मला त्या नावेत बसवताना त्यांचा अर्थ शिकवला. मी कुठला धरायचा? तू बुडाली असतीस नि मी म्हटलं असतं, बरी आहे, वाडीतली आहे, तर मला फाडून खाल्लं असतं लोकांनी."

"आणि होडी? होडी बघितलीस ना?"

"बघितली. फायबरची, लहान. बाबल्याकाकाची असणार, तोच तिथं घुटमळत असतो. पण उन्हात होती, नीट नाय दिसली." एवढं बोलून तो रस्त्याकडे बघायला लागला. तिला वाटलं, याला नीट दिसलंय. मग वाटलं, आपल्याला आता सगळ्यांचंच तसं वाटतं.

दुकानातून लवकर सुटून ती सायकलवर बसली. पायडल मारताना मांड्यांत कळ उठत होती आणि त्या कळेचं तिला बरं वाटत होतं. निदान ही कुणी दिलेली नव्हती. बाबल्याकाका वाडीच्या टोकाला, सुरूच्या सावलीत, पालथ्या होडीशी बसून बुडाला काहीतरी फासत होता. वय झालं तरी हात काळे आणि दात पांढरे असलेला माणूस. तिनं सायकल वाळूत लोळवली आणि सरळ विचारलं, "काका, काल पाण्यात मला हाक दिलीत?"

"मी? कसली हाक गो! ही बघ माझी बाय, दिवाळीपासून वर पडलीय. बूड गळतंय तिचं. माझं पण."

"मग कोण होतं?"

बाबल्या हसायला लागला. "मला काय इचारतेस? बापसाला इचार. काल उजाडताना शिवा एकटाच खाडीबाहेर गेलेला. जाळी नाय, काय नाय. आमी म्हटलं, आज मावरं नाय, आज शिवा पोरगी पकडायला चाललाय."

त्याला ते विनोद म्हणून सुचलं होतं. तो आणखी थोडा हसला आणि पुन्हा बुडाकडे वळला. दर्शना तिथंच उभी राहिली. भरती लागत होती, वाळूतल्या कुर्ल्या बिळांत शिरत होत्या. काल संध्याकाळी घरी आल्यावर तिनं सगळं सांगितलं होतं. भांडी आपटली होती, सरांना शिव्या घातल्या होत्या, होडी कुणाची ते कळत नाही म्हणून रडली होती. बाबा पडवीत पाय पसरून ऐकत होता. एकदाही म्हणाला नाही, की होडी माझी होती. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "मग आता पुण्याचं?" ती म्हणाली, गेलं. तो उठला आणि हात धुवायला गेला. तेव्हा तिला वाटलं होतं, बाबाला वाईट वाटलं. आता तोच प्रसंग तिनं पुन्हा डोळ्यांपुढे धरला, भिंग बदलून धरल्यासारखा, आणि बाबाचा चेहरा काही केल्या स्पष्ट होईना.

मनात ती ज्यांना तुम्ही म्हणत होती, ते इथं बदलले. तिला ते कळलंसुद्धा नाही. सर मागे पडले, तंबू मागे पडला. बाबाला ती लहानपणापासून अहोजाहोच करत आलेली. तुम्ही, बाबा, तुम्ही मला पोहायला शिकवलंत. कमरेला दोन सुके नारळ बांधून खाडीत सोडलंत. मी नारळांच्या भरवशावर पाय मारत होते, तुम्ही छातीभर पाण्यात उभे राहून हाका मारत होतात, ये, ये. मी आले. तुमच्या गळ्याला मिठी मारली तेव्हा सगळे हसले. वळून बघितलं तर नारळ पार तिकडे तरंगत होते. गाठ तुम्ही आधीच सैल केली होतीत. मला न सांगता. वाडीत अजून तो किस्सा सांगतात, शिवानं पोरीला कशी फसवून पोहायला लावली. मीही सांगत आले, हसत. आज पहिल्यांदा मला त्यातला फसवून हा शब्द ऐकू येतोय. चांगल्यासाठी का होईना, पण तुम्हाला न सांगता गाठ सोडता येते. चेहरा न हलवता.

आणि नियम. नियम बाबाला माहीत होता. तिनंच सांगितला होता. शनिवारी रात्री जेवताना, बांगड्याच्या काट्याशी खेळत, मजा म्हणून. "बाबा, त्यांच्यात आपल्या उलट आहे. हात वर केला की संपलं. काढतात बाहेर." बाबा घास थांबवून हसला होता. "बुडणाऱ्यानं हात वर करायचा? बुडणाऱ्याचा हात वर येतो कधी?" आई म्हणाली होती, जेवताना बुडण्याच्या गोष्टी नकोत. नाटे गावाहून एक स्थळ आलं होतं, त्याचं मग बोलणं निघालं. मुलाची स्वतःची बोट आहे, मुंबईला नोकरीला नाही, घरी आहे. दर्शना म्हणाली, आधी पुणं. आणि बाबा म्हणाला, "बघू." तोच शब्द. सर म्हणाले तोच.

घरी आली तेव्हा आई, मथुरा, चुलीमागच्या ओट्यावर मांदेली साफ करत बसली होती. दर्शनानं पाणी प्यायलं नाही, चप्पल काढली नाही. दारातूनच म्हणाली, "काल होडी बाबांची होती."

आईनं मान वर केली नाही. "असेल."

"असेल म्हणजे? तुला माहीत होतं?"

"मला काय माहीत असणार? पहाटे उठून गेले. म्हटलं, चहा तरी घ्या. नाय म्हणाले." तिनं माशाचं डोकं मोडून बाजूला टाकलं. "शनिवारी रात्री मला झोप येत नव्हती. एवढा समुद्र, एवढी माणसं, लाथा मारत जाणार म्हणे एकमेकांना. तुझ्या बापसानं मला सांगितलान, घाबरू नको, हात वर केलान की काढतात तिला पाण्यातून. मग मला डोळा लागला."

"असं म्हणाले? काढतात म्हणाले?"

"हो. त्यात काय? धीर द्यायला म्हणाले."

धीर द्यायला. दर्शना चौकटीला टेकली. एखाद्या बापानं घाबरलेल्या आईला याहून दुसरं काय सांगावं? आणि पोरीला पाण्यातून काढायचं कसं, हे रात्री मनाशी घोळवणाऱ्या माणसाच्या तोंडून तरी याहून दुसरं काय निघेल? तेच शब्द. जराही इकडेतिकडे न करता तेच. तिनं काल पाण्यात ऐकलेली हाक आठवायचा प्रयत्न केला. कानात लाट होती, स्वतःचा श्वास होता, आजूबाजूला हातांचे फटके होते. कोण, एवढंच. त्या आवाजात काळजी होती का, हे ती आठवायला गेली आणि प्रत्येक वेळी तिला हवी तशी हाक ऐकू आली. एकदा थरथरती. एकदा गार. हात मात्र दर वेळी वर गेला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. बाबाला हे माहीत होतं, की तो हात जाणारच. ती थांबली नसती, वळली नसती, सरांच्या शिट्टीला तिनं जुमानलं नसतं. पण हाकेला हात गेला असता. तिच्या अंगात तिच्याहून आधी बसवलेली ही एकच कळ होती, आणि ती कुठे आहे हे ज्यानं बसवली त्याला ठाऊक होतं.

"आई, उद्या बाबांनी समितीपुढे येऊन सांगितलं तर पुणं परत मिळेल."

"मग सांगतील की."

"कालपासून का नाही सांगितलं?"

आईचा हात थांबला. पाण्यात मांदेल्यांचं रक्त पसरत होतं. "तू विचारलंस?" ती म्हणाली. "सगळ्या गावाला विचारत फिरतेस. बापसाला विचारलंस?"

बाबा खाली धक्क्यापाशी होता. दिवस कलला होता, पण उजेड होता, सगळ्या वस्तूंना कडा होत्या. होडी अर्धी पाण्यात, अर्धी वाळूवर, आणि तो काठावर बसून फाटलेलं जाळं सांधत होता. पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून धरलेलं, हातात सुई. दर्शना गुडघाभर पाण्यातून गेली आणि होडीच्या नाकाशी उभी राहिली. त्यानं बघितलं.

"पाय दुखतायत?" त्यानं विचारलं.

"बाबल्याकाका भेटले."

"हं."

"तुम्ही होतात."

सुई एका फासातून गेली, दुसऱ्यातून आली. "होतो."

एवढं सोपं निघेल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं दिवसभर साठवलेलं सगळं एकदम जागच्या जागी हललं. "काल बोलला नाहीत."

"तू आरडत होतीस. मधे काय बोलायचं?"

"नियम तुम्हाला माहीत होता. मीच सांगितला होता."

"हो. सांगितलेलास."

"तरी हाक दिलीत."

त्यानं जाळं अंगठ्यातून सोडवलं. लांब पाण्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. चेहरा नेहमीचा होता, उन्हानं रापलेला, मिठानं चिरलेला. त्यावर काही लिहिलेलं असलं तरी ते वाचायला हे डोळे उपयोगाचे नव्हते. "पाण्यात माणूस दिसला की हाक द्यायची," तो म्हणाला. "तुला काय नवीन शिकवायचं?"

पाणी तिच्या गुडघ्यांवर चढत होतं. होडी हलायला लागली तसा तिनं काठ धरला. तिला ओरडायचं होतं, पण आवाज खालीच राहिला, आणि तो तसा राहिल्यामुळे तिला स्वतःचीच भीती वाटली.

"उद्या यायचं तर या, नसेल यायचं तर नका येऊ. पुणं गेलं तर गेलं, मी दुसरीकडून बघेन. ते नाही विचारत मी. बाबा, काल पाण्यात सगळीकडे माणसंच होती. तुमच्या होडीच्या या अंगानं, त्या अंगानं, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारखी पिवळी टोपी. माणूस दिसला म्हणून हाक दिलीत ना? मग माझ्याशिवाय आणखी कुणाला दिलीत? एकाचं नाव सांगा. जाळं खाली ठेवा, आणि सांगा."